गोचिडी मोजणारी चादर

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवावा? चहा पाजल्याशिवाय न सोडणाऱ्या यजमानावर, की त्या चहाला नाही न म्हणणाऱ्या पाहुण्यावर? मी दोघांनाही जवळून पाहिलंय.

मी एक पांढरी चादर. नासिरिया शहराच्या कापडबाजारात वाढले, म्हणून माणूस पारखायची खोड. माझा दुकानदार म्हणायचा, "पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून गिऱ्हाईक पांढऱ्याला बिचकतं."

मला घेतलं गुरांच्या दवाखान्यातल्या चासिबने. मेंढीखाली मला अंथरायचं, लोकर विंचरायची, पडलेल्या गोचिडी मोजायच्या. फार निघाल्या तर कळपावर औषध मारायचं आणि तोवर विक्री बंद. त्या गोचिडींपासून माणसाला असा ताप चढतो, की नाकातोंडातून रक्त येतं.

ईदच्या तोंडावर आम्ही हाजी दाखिलच्या वस्तीवर गेलो. मेंढ्या बाजारात निघायच्या होत्या.

"या चासिबभाऊ! आधी चहा."

"आधी मेंढ्या बघू, हाजी."

"माझ्या दारात माझा चहा नाकारता? लोक म्हणतील, दाखिल मेला वाटतं!"

चासिब बसला. मी त्याच्या खांद्यावर. बोरूच्या भिंतीच्या फटीतून गोठा दिसत होता. हाजीची सून सबरिया, पुतणीच ती त्याची, मेंढ्यांच्या कानांमागच्या गोचिडी उपटून नखांवर चिरडत होती. बोटं लालभडक.

हाजी साखरेच्या निमित्ताने बाहेर गेला.

"काका, बोटाला चीर पडलीय. झोंबतंय हो."

"उरक गं माझी राणी. पाहुण्यांचा तिसरा पेला चाललाय."

आत ते ऐकून चासिबने पेल्यात चमचा जरा जोरात फिरवला.

मग मला अंथरलं. मी कोरीच राहिले.

"बघा, इस्त्री केल्यासारखी!" हाजी हसला. मेंढ्या ट्रकमध्ये चढल्या.

ईद उजाडायच्या आत सबरिया त्याच तापाने गेली. मयताला न्हाऊ घालायला बायका धजेनात. चासिब भेटायला गेला, मी गाडीतून बघत होते. हाजी ऊर बडवून रडत होता. उठणाऱ्या चासिबचा हात धरून म्हणाला, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." आणि त्याने घेतला.

आता मी कडांना विरलेय. गावोगाव तेच. आमची गाडी दिसली की आधी किटली चढते. धुतल्यावर मला उन्हात वाळवतात, आणि लोक म्हणतात, काय स्वच्छ कापड आहे!

मंडळी, माझ्या स्वच्छपणावर जाऊ नका. मी कोरी निघाले, तर गोठ्यातल्या बाईचे हात बघून या, आणि मगच आकडा मांडा. कमी नको, जास्त नको. तेवढा हिशेब खरा ठेवा.