दाराखालचा पत्रा

कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळी गल्ली त्याला 'बत्तिशी' म्हणायची. माणूस सरळ होता. निदान त्याचा स्वतःचा तरी तसा समज होता.

वेड एकच, जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं. घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मासिकं वाचायची, प्रदर्शनांत दोरीपलीकडून गाड्या बघायच्या. कोणत्या साली कोणत्या गाडीला कसलं कार्बोरेटर होतं, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. बायको म्हणायची, "माझा वाढदिवस कधी ते सांगा, मग मानेन तुमची स्मरणशक्ती."

दोन घरं सोडून सिस्टर राहायच्या. चाळीस वर्षं इस्पितळात नोकरी झालेली, गल्लीतल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी त्यांनी सुई टोचलेली. यजमान वारले आणि त्यांची दोन आसनांची लाल गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली तशीच राहिली. वर्षभराने सिस्टरनी लहान घरात जायचं ठरवलं आणि बत्तिशीला बोलावून घेतलं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाणकार. किती मागू, ते सांगा."

ताडपत्री निघाली. बॉनेट उघडून त्याने इंजिनावरचा नंबर वाचला, मग पुन्हा वाचला. या मॉडेलच्या पहिल्या वर्षीची गाडी, मूळ इंजिनासकट. दहा लाखांच्या खाली ही कुणी सोडली नसती.

सांगणारच होतो, असं पुढे तो स्वतःला कितीदा तरी म्हणाला. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "वरून बरी दिसते, सिस्टर. खालून बघायला हवी."

तो गुडघ्यांवर बसला. दाराखालची पत्र्याची पट्टी गंजली होती. ती नुसती वरच्या झाकणाची पट्टी, दोन दिवसांत बदलून मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आतली चौकट ठणठणीत होती. त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर पट्टीवर टेकवला आणि दाबला. कर्रकन आवाज झाला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"अगं बाई!" सिस्टरचा हात छातीशी गेला.

"कुजलीय हो. तळ गेला की गाडी गेली."

"मग काय, भंगारात घालायची?"

"छे, छे. मी नेतो ना. ऐंशी हजार देईन. आपलं माणूस म्हणून."

आठवड्याने तो पैसे घेऊन गेला. सिस्टरनी कागदपत्रं, दोन्ही किल्ल्या आणि गाडी पुसायची फडकी टेबलावर मांडून ठेवली होती. फडकी धुऊन, घड्या घालून.

"काल एक दलाल येऊन गेला," त्या म्हणाल्या. "या लोकांना वास कसा लागतो कोण जाणे. तीन लाख म्हणाला."

खिशातून पाकीट काढता काढता त्याचा हात थांबला. "मग?"

"मग काय? वाकायला लावलं त्याला आणि भोक दाखवलं. म्हटलं, बाबा, तळ कुजलाय, मागाहून माझ्या नावाने बोटं मोडशील. शिवाय शेजाऱ्यांना शब्द दिलाय. हसला नुसता. कार्ड ठेवून गेला."

बोलायला अजूनही वेळ होता. त्याने पाकीट पुढे केलं. "मोजून घ्या."

"तुमचे काय मोजायचे!" म्हणत त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

पट्टी बदलून झाली, गाडी चकचकीत झाली. बायको डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसायची आणि ओळखीचं कुणी दिसलं की हात हलवायची. वसंतात जुन्या गाड्यांची रॅली झाली, तिच्यात लाल गाडीला सजावटीचं पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापलं होतं, 'किंमत अकरा लाखांच्या घरात'.

चार दिवसांनी सिस्टर नव्या कवळीसाठी त्याच्या दुकानात आल्या, पर्समध्ये फोटोचं कात्रण घेऊन. "ह्यांना किती आनंद झाला असता!" असं म्हणत त्यांनी चष्मा चढवला. "पण हे खाली छापलंय, ते खरं का हो?"

तेवढ्यात दातांचं माप घ्यायचा मसाला कालवून झाला होता. त्याने तो भरलेला साचा त्यांच्या तोंडात बसवला आणि अंगठ्यांनी दाबून धरला. आता तीन मिनिटं त्यांना बोलता येणार नव्हतं.

"पेपरवाले काय, वाट्टेल ते छापतात," तो म्हणाला.

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

साचा निघाला. त्यांनी चूळ भरली, ओठ पुसले. "तरी मी लेकीला तेच म्हटलं. फोनवर तुमच्याबद्दल नाही नाही ते बोलत होती. चांगलं झापलं मी तिला."

त्या गेल्या. दुकान उघडं, दिवे चालू, आणि तो तसाच उभा. हातातला साचा घट्ट होऊन गेला होता.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"आणि मी त्यात बसून मिरवत होते," ती म्हणाली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली ती. त्या दिवसानंतर ती गाडीत बसली नाही. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही तिने.

त्याने एका संग्राहकाला गाडी साडेनऊ लाखांना विकली आणि सगळ्या रकमेचा चेक घेऊन सिस्टरकडे गेला. बसायच्या आधीच बोलून टाकलं. इंजिनाचा नंबर, खरी किंमत, दुकानातलं खोटं. पट्टीचंही सांगितलं. तिथे मात्र शब्द अडखळले.

"ती पट्टी बदलता येते, हे ठाऊक असून तुम्ही भोक पाडलंत?"

"हो, सिस्टर."

"मला वाटलं, माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी तीस वर्षं फुलासारखी जपली आणि मी एका वर्षात कुजवली. किती दिवस झोप नव्हती मला. ह्यांच्या फोटोची माफी मागायची मी."

त्याला हे सुचलंच नव्हतं. पैशांचा हिशेब तो कित्येक रात्री मांडत होता, हा हिशेब त्याच्या गावीही नव्हता. माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी हा शब्द आत्ताच त्यांनी वापरला होता आणि त्याची जीभ उचलेना.

"चेक ठेवते मी," सिस्टर म्हणाल्या. "माझाच आहे. तुमचे ऐंशी हजार आणि पट्टीचा खर्च कळवा, परत पाठवते."

"नको, राहू द्या..."

"कळवा."

त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

कवळीवर त्याने आयुष्यात घेतली नव्हती एवढी मेहनत घेतली. एकेक दात पुन्हा पुन्हा घासला. न्यायला त्या येणार नाहीत असं त्याला वाटत होतं, पण ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला आल्या. आरशात पाहिलं, दोनदा चावून पाहिलं. "छान बसलीय," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"सिस्टर, याचे पैसे नकोत."

त्यांनी पर्समधून नोटा काढल्या, एकेक मोजून काउंटरवर ठेवल्या आणि त्याच्या बाजूला सरकवल्या.

"पावती द्या," त्या म्हणाल्या.

वीस वर्षांच्या शेजारात त्यांनी पावती कधी मागितली नव्हती. त्याने खण उघडला. पावतीपुस्तक सापडायला बराच वेळ लागला, आणि तोवर त्या शांतपणे उभ्या होत्या.