एकोणीस धोंड्यांचा रस्ता

मी एक जुनाट दिसणारा रस्ता आहे, मित्रांनो. दिसणारा म्हणतोय, कारण वय माझं अवघं नऊ! अंगावर उगवलेल्या बाभळी, मधोमध पडलेली घळ, उघडी पडलेली खडी बघून तुम्हाला वाटलं असेल, हा कुणी नव्वद वर्षांचा म्हातारा. तसं नाही हो. थांबा, जाऊ नका, सगळं सांगतो. आधी बसा. नाही, त्या धोंड्यावर नको! त्याच्यावर तर मुळीच नको. इकडं गवतात बसा. का, तेच तर सांगायचंय.

दुधनी स्टेशनाच्या मागनं मी निघतो आणि पावणेसात मैल चालतो. वाटेत काय काय लागतं म्हणून सांगू! आधी करडईची रानं, मग ओढा, मग पाळणाधोंडा. तीन दगडांवर आडवी ठेवलेली ही एवढी मोठी शिळा. तिथनं पुढं चढ, चढावर खोपीचा माळ. तिथं दगडांच्याच बुटक्या खोल्या, आत वाकून जावं लागतं. आणि शेवटी, जिथं मी संपतो तिथनं तीन फर्लांगांवर, काळ्या रानात, मोरेरमाळ. मोरेर म्हणजे फार फार पूर्वीची, हातभर उंचीची माणसं, असं इकडचे लोक सांगतात. तिथं एकोणीस काळे धोंडे गोल उभे होते. होते म्हणतोय, लक्षात ठेवा.

अठ्ठावीस सालच्या दिवाळीनंतर एक गोरा साहेब घोड्यावरनं हिंडत आला. जुन्यापुराण्या वस्तू शोधायचा त्याचा नाद. त्यानं ही तिन्ही ठिकाणं पाहिली आणि नकाशावर तांबड्या पेन्सिलीनं एक रेघ ओढली. ती रेघ म्हणजे मी, मित्रांनो! जन्माच्या आधीचा मी! साहेबाचं म्हणणं असं, की लांबलांबची माणसं आगगाडीनं दुधनीला उतरतील, मोटारीत बसतील, रान बघत बघत या दगडांपर्यंत येतील, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातील. आगगाडीच्या डब्याडब्यात माझं चित्र लागणार होतं. चित्र! माझं!

मग काय, पंचक्रोशीतली माणसं कामावर आली. टिकाव, फावडी, घमेली. मुरूम पडला, त्यावर खडी पडली, धुम्मस आपटले, आणि दगडी रुळाला बैलांच्या चार जोड्या जुंपून माझ्या अंगावरनं फिरवल्या. दुखलं, पण बरं वाटलं. माणसं म्हणायची, "काय गुळगुळीत झालाय, ताटात घेऊन जेवावं बघ!" मला तर हवेत उडल्यासारखं व्हायचं.

पण शेवटच्या तीन फर्लांगांत गाडं अडलं. रान सगळं रेगडीचं, काळं, चिकट. जेवढा मुरूम टाकावा तेवढा गिळायचं. साहेब तर पाहुणे घेऊन येणार येळवशीनंतर चारच दिवसांनी. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, तुम्हाला ठाऊकच आहे. रानात कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आंबील-भज्जी खायची, तोच सण. कामावरचे ओव्हरसियर महिपतराव सोलापूरचे. ते डोक्याला हात लावून बसले. "मडमांनी बूट घालून या चिखलातनं चालायचं व्हय? माझी नोकरी जाणार बघा."

तेवढ्यात कल्लप्पा पुढं झाला. हा मोरेरमाळाच्या रानाचा मालक, अंगानं दांडगा, मनानं साधा, आणि पाहुण्यांचा भारी भुकेला. तो म्हणाला, "सायेब, रस्ता तितवर न्यायाचा आटापिटा कशाला? धोंडंच हितं आनू की!"

माणसं खो खो हसली. बिरप्पा म्हणून एक म्हातारा गडी होता, तो म्हणाला, "आरं, पावनं आलं म्हून कुणी देव्हारा हुचलून दारात ठिवतं व्हय?"

"देव कुटं हायती ते? धोंडं हायती. आन् पावन्याच्या पायाला चिखल लागू द्यायाचा? आमच्या घरात तसली रीत न्हाय बाबा."

महिपतरावांचा चेहरा एकदम उजळला. "कल्लप्पा, हे करशील तर या रस्त्याची निगा राखणारा मैलकुली तूच. पितळी बिल्ला देतो कमरेला."

आता खरं सांगतो, मित्रांनो, लपवून काय करू. मलाही आनंद झाला. मला वाटलं, बघा, माझा केवढा मान! हजारो वर्षांचे म्हातारे उठून माझ्याकडं येतायत.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला माहीत नव्हती. कल्लप्पाला होती, पण त्याला ती बायकांची वाटायची. त्याची आई गुरम्मा दर येळवशीला त्या गोलात जायची. हातात टोपलं, टोपल्यात आंबिलीचे एकोणीस द्रोण. एकेका धोंड्यापुढं द्रोण ठेवायचा आणि त्याला नावानं हाक मारायची. हा थोरला. ही त्याची सासू. हा लंगडा. ही बाळंतीण. हा रुसलेला, म्हणून जरा बाहेर कलून उभा. एकोणीस नावं. तिच्या सासूनं तिला शिकवलेली, सासूला तिच्या सासूनं. बाप्यांना ती कधी सांगितली नाहीत. कल्लप्पाचं लग्न नुकतंच झालेलं, सून घरात आलेली, दाक्षायणी, नाकीडोळी तरतरीत. तिला या येळवशीला नावं शिकवायची असं ठरलेलं. सासू-सून दोघी तेव्हा अक्कलकोटला होत्या, गुरम्माच्या लेकीच्या बाळंतपणाला.

त्या तिकडं, आणि इकडं पहारी लागल्या. धोंडे कमरेइतके उंच दिसायचे, पण तेवढेच आत जमिनीत होते. निम्मं अंग मातीत! ते कधी कुणी पाहिलंच नव्हतं. एक उपटला तेव्हा खाली एवढंसं काळं गाडगं निघालं, त्यात राख आणि हाडाचे तुकडे. बिरप्पानं पहार खाली टाकली. "मी न्हाय आता," म्हणाला आणि चालू लागला. कल्लप्पानं गाडगं परत खड्ड्यात ठेवलं, वर माती लोटली. पण थांबला नाही. साखळदंड लावून, बैल जुंपून, त्यानं एकोणीसच्या एकोणीस धोंडे फरफटत माझ्याकडं आणले. अंगावरचं शेवाळ खरवडून गेलं. माझ्या दोन्ही कडांना रांगेत ते रोवले, कुठला उलटा, कुठला सुलटा. मग त्याला वाटलं, पाहुण्यांसमोर असे मळके कसे? येळवशीला आपण पांडवांना चुना लावतो, तसा यांनाही लावू. चांगला डिंक घालून चुना कालवला, म्हणजे चकाकेल आणि टिकेल. सगळे पांढरे! एकसारखे पांढरे!

येळवशीच्या आदल्या दिवशी गुरम्मा आणि दाक्षायणी बैलगाडीतनं आल्या. माझ्यावरनंच आल्या. गुरम्मा गाडीतनंच म्हणाली, "कल्ल्या, ह्यो चुन्याचा खर्च कशाला केलास रं? फर्लांगाचं धोंडं इतकं मोठं कशाला?"

कल्लप्पा हसत म्हणाला, "यव्वा, वळकलं न्हाईस? आपलंच की!"

ती खाली उतरली. पहिल्या धोंड्याजवळ गेली, हात लावला. दुसऱ्याजवळ गेली. मग परत पहिल्याजवळ आली. अशी दोनदा त्या टोकापासून या टोकापर्यंत. मला वाटलं, आता ही ओरडणार. तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "ह्यातला थोरला कुटला?"

कल्लप्पा म्हणाला, "तुलाच ठावं ते."

"मला ठावं हुतं. तो तितं हुबा हुता तवर ठावं हुतं. बाळंतीण लंगड्याच्या डाव्या हाताला, म्हून ती बाळंतीण. आता कुनाच्या डाव्या हाताला कोन हाय?"

"यव्वा, पावनं जाऊ देत. चारच दिस. मग समदं परत हुबं करतो. खड्डं हायती की तितं."

"कुनालाबी कुटंबी हुबं करायला ती काय खुंटं हायती व्हय?"

दाक्षायणी गाडीजवळ टोपलं धरून उभी होती. ती येळवस तशीच गेली. आंबील गुरांना घातली.

चार दिवसांनी तीन मोटारी आल्या. माझ्यावरनं मोटारी! साहेब पाळणाधोंड्याला उतरला, खोपीच्या माळाला उतरला, पाहुण्यांना हात करकरून सांगत होता, हसत होता. मग माझ्या टोकाला आला. महिपतराव कोट घालून उभे, कल्लप्पा नवा पटका बांधून उभा, हातात ताकाचा तांब्या. साहेबानं पांढऱ्या रांगेकडं पाहिलंच नाही. तो दूर रानाकडं बघत होता. म्हणाला, "गोल कुठे आहे?"

महिपतरावांनी झोकात हात फिरवला. "हा काय साहेब! पाहुण्यांना त्रास नको म्हणून इथं आणला."

साहेबानं टोपी काढली. परत घातली. मग तो त्या शेवटच्या धोंड्यावर बसला, हो, मघाशी तुम्ही बसत होता त्याच्यावरच. बराच वेळ बसला. कल्लप्पाला वाटलं, ऊन लागलं. त्यानं तांब्या पुढं केला. साहेबानं मान हलवली आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "तीन फर्लांग. मी चाललो असतो. सगळे चालले असते."

त्यानं मोटारीच्या टपावर नकाशा पसरला, खिशातनं रबर काढलं आणि ती तांबडी रेघ खोडली. मी बघत होतो, मित्रांनो. मी नीट पुसला गेलो नाही. कागदावर एक गुलाबी डाग राहिला.

त्यानंतर मोटार आली नाही. चित्रही लागलं नाही. महिपतरावांची कुठंतरी बदली झाली. कल्लप्पाला बिल्ला मिळाला, पण रस्त्यालाच कुणी विचारीना, तिथं मैलकुलीला कोण विचारतो? दुसऱ्या पावसाळ्यात बिल्ला परत मागून नेला. गावात त्याला 'धोंडेसायेब' म्हणायला लागले. बाजारात गेला की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय धोंडेसायेब, आमच्या दारापातुर जरा हीर सरकवता का?" तो खाली मान घालून निघून यायचा. मला वाटायचं, त्यांना ओरडून सांगावं, अरे, त्यानं वाईट मनानं नाही केलं! पण बाजारापर्यंत रस्त्याचा आवाज पोचतो कुठं. आणि खूश तर मीही झालो होतो.

कल्लप्पानं चुना घासून बघितला. काथ्यानं घासला, विटेनं घासला. डिंकाचा चुना, तो कसला निघतोय. गुरम्मा म्हणाली, "घासू नगंस. त्येंचं त्वांड जाईल आनिक. पावसाला करू दे."

पावसानं केलं, पण किती सावकाश! दर वर्षी थोडे थोडे पोपडे निघायचे. पाऊस सरला की गुरम्मा काठी टेकत यायची आणि एकेका धोंड्यापुढं उकिडवी बसायची, ताप आलेल्या लेकराकडं बघतात तशी. बोटं फिरवायची. पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी ती एकदम ओरडली, "कल्ल्या! बैलं आन! ह्यो लंगडा! ही बग त्येची खाच!" त्या दिवशी लंगडा घरी गेला. मी कधी एवढा खूश झालो नव्हतो, आणि तो माझ्यापासून दूर चालला होता, तरी.

मग कधी वर्षाला एक, कधी दोन, कधी एकही नाही. थोरला गेला. बाळंतीण गेली. रुसलेला सापडला तेव्हा गुरम्मा हसली, म्हणाली, "हा बग, हितंबी कललाय!" दाक्षायणी जवळ असायची. ती म्हणायची, "आत्ती, राहिलेली नावं मला सांगून तरी ठिवा की." आत्ती म्हणजे सासूबाई. गुरम्मा म्हणायची, "नुसतं नाव सांगून काय करू ग दाक्षी? नाव कुनाला लावशील? गावला म्हंजी सांगते."

अकरा गेले. आठ राहिले.

या कार्तिकात गुरम्मा गेली. साधा ताप आला, तीन दिवस अंथरुणावर होती. तिसऱ्या दिवशी तिनं दाक्षायणीचा हात धरला आणि नावं सांगायला लागली. सांगितली म्हणे सात-आठ, पण सगळी आधी घरी गेलेल्यांचीच. तीच तीच परत परत. राहिलेली तोंडात आलीच नाहीत.

काल येळवस होती. म्हणून तर मी आज एवढा बोलतोय, मित्रांनो, पोटात मावेना. कल्लप्पा आणि दाक्षायणी रानात आले. दाक्षायणीच्या डोक्यावर टोपलं. मी टोकाला नजर लावून बसलो होतो. तीन फर्लांगांवर ती गोलात फिरताना दिसली. वाकायची, उठायची, पुढं जायची. अकरा वेळा. मधल्या आठ खड्ड्यांपाशी थांबायची आणि तशीच पुढं जायची. मला वाटलं, झालं, आता जाईल घरी.

ती माझ्याकडं आली. काळ्या रानातनं, अनवाणी, चालत. टोपल्यात आठ द्रोण होते. पहिल्या धोंड्यापुढं तिनं द्रोण ठेवला, पदर सावरला आणि हाक मारायला तोंड उघडलं. नाव नव्हतं. तिनं द्रोण जरा पुढं सरकवला. मग म्हणाली, "तुमी जे कोन आसाल ते. जेवून घ्या."

आठ वेळा तेच म्हणाली. कल्लप्पा मागं उभा होता. त्यानं पटका काढून हातात धरला होता.

एवढंच माझं आयुष्य, मित्रांनो. मला झाडा, माझ्यावर मुरूम टाका, असं मी म्हणत नाही. बाभळी वाढताहेत, वाढू देत. पण कधी काही जुनं बघायला निघालात, तर शेवटचे तीन फर्लांग तेवढे चालत जा. पायाला चिखल लागला तर लागू दे. त्याला उठून आपल्याकडं यायला लावू नका. आणि परत जाताना या आठ जणांच्या कडेनं जा. द्रोण अजून तिथंच आहेत, पाय लागेल. एकानं तरी जेवावं म्हणून मी सकाळपासून वाट बघतोय.