मधला थांबा

जुने मालक वसाहत विकून गेले आणि नवी कंपनी आली, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. उलट नव्यांनी घरोघर कागद पाठवला : अंगणाबद्दल काही तक्रार असल्यास लिहावी. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. लोक हरखले.

तळमजल्यावरच्या शिवणकामवालीनेही लिहिलं. वसाहत तिला टाचणी म्हणे. एक तर तोंडात सदा टाचण्या, आणि त्या काढल्या की जीभ त्यांहून टोकदार. तिने वळणदार अक्षरात लिहिलं : ‘मधला बाक डुगडुगतो. बसणं धोक्याचं आहे. लवकर काहीतरी करावं.’

पंधरा दिवसांनी दोन माणसं आली. त्यांनी बाकाचे चार बोल्ट सोडवले, बाक टेम्पोत टाकला आणि गेली.

तिच्या वडिलांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. गेल्या साली अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय रुसला. डॉक्टर म्हणाले, चालाल तर पाय राहील, बसून राहाल तर जाईल. तेव्हापासून रोज दोन फेऱ्या. दारापासून बाकापर्यंत साठ पावलं, तिथे विसावा, मग नळापर्यंत चाळीस आणि माघारी. बाकाला ते मधला थांबा म्हणत. खिडकीत मशीन होतं. आत तिचे पाय पॅडलवर, बाहेर त्यांचे पाय फरशीवर. ते अडखळले की हिची टीपही वाकडी जाई.

त्या संध्याकाळी ते पायरीवर उभे राहिले.

“थांबा उठला वाटतं?”

“उठला, बाबा.”

“बरं. आज नॉनस्टॉप.” आणि हसत निघाले.

साठाव्या पावलाला पाय थरथरला. धरायला काही नव्हतं, फरशीत नुसती चार भोकं. म्हाताऱ्याने हवेला हात घातला. कामावरून परतणाऱ्या नर्समावशीने पिशवी टाकून त्यांना सावरलं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “आज नको.” तिसऱ्या दिवशीही, “आज नको.” चौथ्या दिवशी तिने विचारलंच नाही, शिवायला घेतलेले कपडे तसेच टाकले आणि कंपनीच्या ऑफिसात गेली.

मॅनेजर तरुण, गोड बोलणारा. त्याने कागद तिच्यासमोर फिरवला. “ताई, तक्रार तर तुमचीच आहे.”

“मी दुरुस्त करा म्हटलं होतं.”

“तसं लिहिलेलं नाही.”

तिने वाचलं. खरंच नव्हतं. स्वतःच्याच अक्षराने तोंडात मारावी तसं झालं.

“मग नवा बसवा.”

“बाकांवर लोक बसतात, ताई.”

“मग काय बाकावर नाचावं?”

“बाहेरचे येऊन बसतात हो. अंगण मोकळं ठेवायचं, असं ठरलंय.”

“मी घरची खुर्ची ठेवली तर?”

“रिकामी दिसली तर उचलली जाईल.”

घरी वडील खाटेवर, तोंड भिंतीकडे. ती पायथ्याशी बसली.

“बाबा, बाक मी घालवला. डुगडुगतो म्हणून लिहून दिलं होतं.”

“डुगडुगत होता खरा,” ते भिंतीकडेच बघत म्हणाले. “मला बरं वाटायचं गं. बसची सीट तश्शीच हलायची.”

तिला रडू फुटलं असतं. तिने तोंडात टाचण्या धरल्या. मग हातशिलाईचा झगा खांद्यावर टाकला, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि चार भोकांवर नेऊन ठेवली. स्वतः तिच्यावर बसली. खुर्चीत माणूस असला की ती रिकामी कशी?

“या बाबा!” तिने हाक मारली. “गाडी सोडा!”

ते आले. पंधरा पावलं, वीस. ती काज शिवता शिवता आईचं जुनं गाणं गुणगुणू लागली :

पाऊल टाकावं एक, दुसरं मागून येतं,
उभ्या माणसाला बाई, दार लांब लांब जातं.

साठाव्या पावलाला ती उठली आणि ते बसले. कपाळ घामाने डबडबलेलं. चाळीस पावलांवर नळ होता. त्यांनी तिकडे पाहिलं.

“नको. इथूनच परत.”

तेवढ्यात फाटकावरून वॉचमनकाका आले. हातात कंपनीने दिलेलं पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक; जिच्यावर चिठ्ठी लागे, ती वस्तू उचलली जाई. “टाचणी, मी आंधळा होईन गं,” ते हळू म्हणाले, “पण खांबावरचा तो नवा कॅमेरा होत नाही.”

वडील उठले. पाय पुन्हा थरथरू लागला, मघापेक्षा जास्त. त्यांना दोन्ही हातांनी धरायला हवं होतं. तिने खुर्चीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि खुर्ची तिथेच सोडून वडिलांच्या काखेत हात घातला.

मागे चिठ्ठी फाडल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही.

“गेली का खुर्ची?” वडिलांनी विचारलं.

“जाऊ दे. तुम्ही पाय उचला.”

घरात अजून तीन होत्या.