मला न विचारता दिलेली शिक्षा

मी स्पार्क प्लग बोलतोय. चार सिलिंडरच्या गाडीतल्या तिसऱ्या सिलिंडरचा. ठिणगी पाडणं हे माझं काम. कारखान्यातून निघाल्यापासून त्यात मी कधी कसूर केली नाही. तरी आज मी बडतर्फ आहे. का, ते ऐका.

आमच्या मालकांनी गाडी जावयाला द्यायची ठरवली. जावई संध्याकाळी बघायला येणार, म्हणून यांनी सकाळी बॉनेट उघडलं आणि इंजिनावर थेट पाण्याचा पाइप सोडला. माझ्या डोक्यावर कॉइलची रबरी टोपी असते, तिच्यातूनच मला वीज मिळते. त्या टोपीत पाणी शिरलं आणि वीज बाहेरच्या बाहेर पसार होऊ लागली. मी ठिणगी पाडणार कशाची? गाडी उचक्या द्यायला लागली, तशीच ती गॅरेजात नेली.

"काका, गाडीला काही केलं होतं का?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"छे, हातसुद्धा लावला नाही."

शेजारी बसलेल्या काकूंनी खिडकीबाहेर बघितलं.

स्कॅनर लावला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकतेय. झालं, माझी उचलबांगडी. नवा प्लग आत, मी भंगाराच्या डब्यात. ना चौकशी, ना सुनावणी.

गाडी सुरू केली. उचक्या तशाच. खोटं कशाला बोलू, डब्यात मला फार बरं वाटलं.

मग गॅरेजवाल्यानं जरा डोकं चालवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. दुखणं दुसऱ्याकडे गेलं, म्हणजे दोष कॉइलचा. त्यानं ती उपटून उलटी केली, तर टोपीतून पाणी ठिबकलं.

"काका, इंजिन धुतलंत?"

"नाही रे. दव पडलं असेल."

त्यानं टोपी हुंगली. "दवाला शाम्पूचा वास?"

"माझा आहे तो," काकू म्हणाल्या. "अख्खी बाटली ओतली यांनी. जावयाला गाडी चकाचक दिसायला हवी ना."

हवा मारून सगळं सुकवलं आणि इंजिन सुतासारखं सरळ चाललं.

"जुना प्लग चांगलाय काका. परत बसवू?"

"नको, राहू दे नवा. जुना मला दे."

मला वाटलं, सन्मानानं सुटका झाली. संध्याकाळी जावयानं विचारलं, "बाबा, काय झालं होतं गाडीला?" मालकांनी खिशातून मला काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हा बघ. हा गेला होता."

गाडी जावयाकडे गेली. मी मालकांच्या शोकेसमध्ये आहे. आल्यागेल्याला गुन्हेगार म्हणून माझी ओळख करून दिली जाते. वाचकहो, माझं एकच मागणं आहे. कुणी जुना प्लग दाखवून 'हाच गेला होता' म्हणालं, तर प्लगकडे बघू नका. त्यांच्या बायकोकडे बघा.