मातीच्या पाण्याने सात वेळा

फाथोनीने माझ्या ब्रशचे दोन केस गॅसवर धरले आणि घरभर जळक्या केसांचा वास सुटला.

ईदच्या, अननसाचं सारण भरलेल्या नास्तर बिस्किटांवर मी याच ब्रशने अंड्याचा बलक फिरवत आले. आता दुकानदारांना हलालचा शिक्का हवा, म्हणून उलेमा मंडळाने फाथोनीला तपासणीला धाडलेला. आमच्याच गल्लीतला, माझ्याच बिस्किटांवर पोसलेला.

"मावशी, डुकराचे केस आहेत हे."

"अरे, क्लातेनच्या बाजारात सगळ्याच जणी हाच ब्रश घेतात!"

"म्हणून तर जाळून बघतो आम्ही. प्लास्टिकचा असता तर असा वास सुटला नसता."

"आणि इतकी वर्षं मशिदीत वाटलं ते? माझ्या नवऱ्याने मरताना मागून खाल्लं ते? तू खाल्लंस ते?"

त्याने गॅस बंद केला. "अजाणता घडलेलं माफ असतं, मावशी. भांडी सात वेळा धुवा, त्यात एकदा मातीच्या पाण्याने. मग सगळं पाक-साफ."

धुतली. कंबर मोडेस्तोवर धुतली. प्लास्टिकचा ब्रश आणला. फाथोनीने येऊन ट्रे न् ट्रे पाहिला आणि म्हणाला, "आता काही शंका नाही. शिक्का मिळणार."

मी ताज्या नास्तरचा पुडा बांधून त्याच्या हातात दिला. "तुझ्या आईला दे. तिला आवडतात." त्याने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

तो गेल्यावर मी फाटक लावायला गेले. तोच पुडा फाटकाजवळच्या कठड्यावर होता. गाठसुद्धा सोडलेली नव्हती.