आबांच्या मशीनचा बोर्ड

संभाजीचा हात मोटारीवर बसलेला. पाच हॉर्सपॉवरची जळकी मोटार समोर टाका, गप्पा मारता मारता वायंडिंग भरून देईल. पण पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चार्जिंगच्या बोर्डापुढे त्या हाताने सपशेल लोटांगण घातलं होतं. आणलेल्या तीन बोर्डांतले दोन वाया गेले, एक बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली, आणि त्याचे ऐंशी पार केलेले वडील, सोनबा आबा, तीन महिने ठार बहिरे होऊन ओसरीवर बसून होते.

आबांचं कानाचं मशीन जुन्या पद्धतीचं. खिशात डबी, डबीतून वायर कानात. त्याचं चार्जिंग गेलं. नवी मशीनं दोन आणून झाली. "यात कोंबड्या भांडत्यात" म्हणून आबांनी ती उशाखाली सारली. त्यांचं मागणं एकच. "संभा, पाटाचं पाणी ऐकू दे रं एकदा. मग खुशाल मोडू दे ते मशीन."

हे ऐकलं की संभाजी काहीतरी काम काढून उठून जायचा. तो पाट होता ती, पुण्याजवळच्या मांजरी गावातली उरलेली दोन एकरं त्यानं बिल्डरला देऊन टाकली होती. जमीन त्याच्याच नावावर, व्यवहार सरळ, चहूबाजूंनी इमारती उठलेल्या. चोरी काही नव्हती. पण आबांना सांगितलं नव्हतं. बहिऱ्या माणसाला अशी गोष्ट काय गावभर ओरडून सांगायची, असं तो मनाला समजावायचा. वा रे वा! जेवण, औषधं, मॅचचा स्कोर, सगळं ओरडून सांगता येत होतं की! या शुक्रवारी दुपारी विहिरीवरचं विजेचं मीटर काढायला माणसं येणार होती. म्हणजे पाटाला पाणी सुटणार ते त्याच सकाळी, शेवटचं.

म्हणून गुरुवारी सकाळीच तो स्वारगेटला उतरला आणि पिशवी काखेला मारून बुधवार पेठेत आनंदीबाईंच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात शिरला. बाईंनी चष्म्यावरून आधी करपलेला बोर्ड पाहिला, मग पिशवीतली त्याची शंभर वॉटची सोल्डरिंग गन.

"याने आपण बैलांना डागता का?"

"न्हाय, मोटारी..."

"मग मोटारींनाच डागा. या बोर्डाने आपलं काय घोडं मारलंय?"

बाईंनी फुगलेली बॅटरी चिमटीत धरली. "हा बोर्ड असल्या चिमुकल्या बॅटरीला एक अँपिअर करंट पाजतो. रोपांच्या वाफ्यात आपण मोटार मोकळी सोडता का?"

"रोपं वाहून जातील की."

"कळतंय म्हणजे!"

कळत होतं, पण सवयीला काय करणार? लाइट आली की जाईल तोवर मिळेल तेवढं शेत भिजवून घ्यायचं, यातच त्याचा जन्म गेला. जास्त करंट म्हणजे लवकर भरणार, असा त्याचा हिशेब. बाईंनी बोर्डावरचा खसखशीएवढा काळा ठिपका दाखवला. हा रेझिस्टर करंट ठरवतो. तो काढून दहा हजार ओहमचा बसवला, की करंट आठव्या हिश्श्यावर येतो. बॅटरी सावकाश भरते, पण जगते.

मग त्यांनी काउंटरवर एकेक वस्तू मांडली. बारीक टोकाची, उष्णता कमी-जास्त करता येणारी गन. टोकदार चिमटा. सोल्डर नीट पसरावं म्हणून फ्लक्सची डबी. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग. शिवाय दहा हजार ओहमचे रेझिस्टर आणि नवी बॅटरी. संभाजीनं पिशवी उघडली, तर बाईंनी वस्तूंवर हात ठेवला.

"आधी या मेलेल्या बोर्डावर करून दाखवा. दोन्ही टोकं एकदम तापवायची. एकच तापवून ओढलंत, तर खालचं तांबं उखडून येईल."

संभाजीनं भिंग डोळ्याला लावलं आणि रस्त्यावरचे हॉर्न कुठल्या कुठे गेले. भिंगाखाली बोर्डाचं हिरवंगार शिवार पसरलं होतं. मधून पाट गेलेले, कडेला विहिरी, बांधावर कुणी चालत असावं असं वाटणारी एक सावली. ती त्याच्याच पापणीची होती. अशी मांजरी त्यानं पाहिली होती, आईच्या कडेवरून. तो किती वेळ त्या रानात हिंडत होता कोण जाणे! ठिपका अलगद सुटून चिमट्याला लागला, तेव्हा त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"जमलं," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सत्कारच.

दुपारी शेतातल्या मोटारीच्या खोलीत त्यानं शिल्लक राहिलेला बोर्ड पुढ्यात घेतला. ऊस वाऱ्यानं सळसळत होता. गन तापली, आणि मनात पाप आलं: टोक जरा जास्त वेळ टेकवलं तर? हाही बोर्ड जाईल, आबांना काही ऐकू येणार नाही, आणि आपल्याला काही सांगावं लागणार नाही. हात थांबला. लाज वाटली, भीती त्याहून जास्त वाटली. मग त्यानं दोन्ही टोकं तापवली, ठिपका उचलला आणि त्या जागी नवा बसवला.

शुक्रवारी सकाळी आबा नातवाच्या स्कूटरवरून शेतात आले. उसावर धुकं बसलं होतं. पलीकडच्या इमारती त्यात विरघळून गेल्या होत्या आणि शिवार पुन्हा मोकळं दिसत होतं. संभाजीनं डबी आबांच्या खिशात ठेवली, वायर कानात दिली, मोटार सुरू केली. पाणी पाटातून खळखळत आलं. आबांचा चेहरा लहान पोरासारखा खुलला.

"आलं! आलं रं संभा! दगडाला थटून वळतंय बघ तिथं."

संभाजी त्यांच्याशेजारी बांधावर बसला. तीन महिने ओरडून घसा बसला होता, आता ओरडायचं कारण राहिलं नव्हतं.

"आबा, ही जमीन दिली मी," तो हळूच म्हणाला. "आज मीटर काढत्यात. आधी सांगायला पायजे हुतं. भ्यालो मी."

आबा पाण्याकडेच बघत राहिले. सगळं ऐकू गेलं होतं.

"किती वाजता येत्यात ती माणसं?"

"दुपारी दोनला."

आबांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाय पाटात सोडले.

"मग तवर काय बोलू नगंस," ते म्हणाले.