कठड्याचा अर्ज

वेंडेलिन काका शेवटी बाजारपेठेत उतरले. गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, खिडकीतून.

हे वाक्य आता विसरा. असं काहीही झालेलं नाही. काका तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसले आहेत आणि मी आणलेलं सॉसेज गार झालं म्हणून मला बोलताहेत.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय एक्क्याऐंशी. आमच्या हालेरोड गावच्या बाजारपेठेत एकतीस जुनी घरं आहेत. त्यांतल्या एकोणतीस घरांची छपरं काकांनी चाळीस वर्षांत दगडी पाट्यांनी शाकारली. उरलेल्या दोन घरांशी त्यांचं बोलणं नव्हतं.

फेब्रुवारीच्या वादळात बारा नंबरच्या छपरावरून काही पाट्या खाली आल्या. कुणाला लागलं नाही, एक सायकल तेवढी गेली. पण काकांची झोप उडाली. पडल्या त्या त्यांनी बसवलेल्या, की नंतर कुणी परगावच्या माणसाने ठिगळ लावलेल्या? बारा नंबर आमच्याच रांगेत, आमच्या चौदा नंबरच्या शेजारी; या बाजूला सगळे सम आकडे. आमच्या खिडकीतून समोरची रांग दिसते, शेजारचं घर दिसत नाही. त्यात आमच्याकडे प्रत्येक मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, त्यामुळे शेजारी बघायला मान बाहेर काढली तर माणूसही मागोमाग जाईल. मी फोनवर फोटो काढून दाखवला.

"फोटोत सगळी छपरं सरळच दिसतात," काका म्हणाले. "मला खाली ने. दहा मिनिटं बघतो आणि गप्प बसतो."

तळमजल्यावर खाटकाचं दुकान चालवणाऱ्या हिल्ट्रूडबाईंनी निरोप पाठवला की पाट्या चाळीस वर्षं टिकल्या हे काय कमी आहे, माणूस तरी कुठे टिकतो. काकांनी उलट निरोप दिला की तिचं सॉसेज तीन मजलेसुद्धा टिकत नाही. हे निरोप मीच वरखाली नेत असे. जिन्यावरून येणं-जाणं असलेला घरात मी एकटाच होतो.

जिना १५९३ सालचा. एका ओकच्या खांबाभोवती गोल फिरत जातो, रुंदी पंचावन्न सेंटिमीटर, धरायला काही नाही. एका वेळी एकच माणूस मावतो, त्यामुळे कुणाला उचलून आणायचं तर आधी दोघांचा एक माणूस करावा लागेल. काकांचे गुडघे गेले तेव्हापासून ते दोन वर्षं खाली उतरले नव्हते. एक कठडा असता तर बुडावर बसत, धरत धरत उतरले असते. डॉक्टरही तेच म्हणाले.

इथे मी चूक केली. मी विचारलं.

मी नगरपालिकेत कुत्र्यांच्या कराच्या खिडकीवर बसतो. माझा कागदांवर विश्वास आहे. जुन्या घरांत ज्यांच्या परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही, त्या वारसा कार्यालयाकडे मी चार मार्चला अर्ज केला: एक कठडा, चार ब्रॅकेट, आठ भोकं. हिल्ट्रूडबाईंनी हे ऐकून सुरी खाली ठेवली.

"विचारलंस? अरे, कशाला विचारलंस? माझं न्हाणीघर बघ. तिथे पूर्वी मेणबत्त्यांचा कारखाना होता, कुणाला विचारलं मी? न विचारता केलं की ते जुनंच असतं."

पण आता विचारून झालं होतं. विचारलेल्या गोष्टीला नाही म्हणता येतं.

वारसा कार्यालयाच्या डॉक्टर ओस्टरकाम्प, डॉक्टर म्हणजे इतिहासाच्या, स्वतः आल्या. अतिशय सभ्य बाई. त्यांनी बूट काढले, जिन्यावर हात फिरवला आणि खरोखर त्यांचे डोळे भरून आले. काकांनाही भेटल्या, पण डोळे तिथे भरले नाहीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आठ भोकांमुळे ऐतिहासिक लाकडाला इजा पोचेल. जिन्याला तोवर चार हजार भोकं होती, पण ती किड्यांनी पाडलेली, आणि किड्यांनी अर्ज केला नव्हता. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी लाकडाला स्पर्श न करणारा कठडा सुचवला. मी विचारलं, तो उभा कशावर राहील? हा प्रश्न त्यांनी समितीकडे पाठवला. समिती उन्हाळ्यात बसत नाही.

मग काकांना अग्निशमन दलाची शिडी आठवली. मी फोन केला. आग असेल तरच, म्हणाले.

"मग लाव की आग," काका म्हणाले.

मी म्हटलं, त्याला परवानगी लागेल.

राहिली कप्पी. आमच्या माळ्यावर, छपराच्या टोकाशी एक तुळई बाहेर डोकावते. तिच्या चाकावरून पूर्वी लोकरीचे गठ्ठे वर चढत. अजून चालते. दर सप्टेंबरात पर्यटकांना दाखवायला तिने भुशाचं एक पोतं वर घेतात आणि लोक टाळ्या वाजवतात. काका म्हणाले, मला खुर्चीसकट बांध आणि सोड. मी दोर तपासला. मजबूत होता. हिल्ट्रूडबाई म्हणाल्या, बुधवारी बाजार असतो, कुणाचं लक्ष नसतं, आटपून टाका. आणि मी, देवाशप्पथ, पुन्हा विचारलं.

उत्तर दोन दिवसांत आलं. कप्पीचा वापर तिच्या मूळ हेतूनुसार, म्हणजे मालासाठी, स्वागतार्ह आहे. व्यक्तींची ने-आण करता येणार नाही.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. "मला मालात धरायला सांग ना," म्हणाले. मग पत्राची घडी घालून समोरच्या छपरांकडे वळले. "मूर्खा," ते हळू म्हणाले, "तू मला घरात कोंडलंस आणि किल्ली त्यांच्याकडे दिलीस."

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी मी त्यांच्यासाठी खाली सॉसेज आणायला गेलो. बाजार होता, रांग होती. परत येताना जिन्यात वर कुणीतरी बसलेलं दिसलं. काका नऊ पायऱ्या एकटे उतरले होते. डावा हात भिंतीवर पसरलेला, कठडा असता तर जिथे असता, बरोबर तिथे. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, नऊ पायऱ्या. त्यांनी फक्त हृदय लिहिलं.

अंत्यविधीवाल्यांना त्यांना खाली नेता येईना. वळणावर स्ट्रेचर वळत नव्हतं आणि दोघांना मिळून उचलायला जागा नव्हती. वर मात्र नऊच पायऱ्या होत्या, म्हणून एकाने काखेत हात घालून त्यांना ओढत पुन्हा वर नेलं. अग्निशमन दल म्हणालं, आता घाई काय आहे. मी कप्पीसाठी वारसा कार्यालयाला फोन केला. विचारायची सवय लागली होती.

डॉक्टर ओस्टरकाम्प फारच मृदू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, नियमाच्या दृष्टीने मृत माणूस ही व्यक्ती राहत नाही."

तेव्हा गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते झालं. रिकामी वर घेतलेली शवपेटी आता भरून खिडकीबाहेर निघाली, दोरावर हलकेच फिरली आणि बारा नंबरकडे तोंड करून थोडा वेळ तशीच राहिली. झाकण बंद होतं. कार्यालयाचा फोटोग्राफर आला होता; १६३४ च्या प्लेगनंतर असा वापर पहिल्यांदाच होत होता. खालून दोन पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. हिल्ट्रूडबाई दुकानातून रक्ताळलेल्या एप्रनसह बाहेर आल्या आणि त्या दोघा पर्यटकांसमोर उभ्या राहिल्या. टाळ्या थांबल्या.

कप्पीच्या वहीत नोंद आहे: माल, एक नग, उतरवला.

मी त्याच दिवशी बारा नंबरसमोर जाऊन वर बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही. मग कचेरीत गेलो, खिडकी बंद केली आणि एक कागद घेतला.

प्रति, वारसा कार्यालय, हालेरोड. विषय: बाजारपेठ क्र. १४ येथील कठडा. महोदया, सदर कठड्यास दिनांक चार मार्चपासून पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी देण्यात यावी, श्री. वेंडेलिन हे गुरुवारी तो धरून, व्यक्ती म्हणून, जिन्याने खाली उतरले अशी नोंद घेण्यात यावी. आणि बारा नंबरच्या छपराच्या पाहणीसाठी त्यांना दहा मिनिटांचा अवधी मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.